लॉनभोवतीची वायर

२७ डिसेंबर २००८
मिहिर आला. जर्मनीहून येताना कपडे कमी, खोकंच मोठं. मला वाटलं मिक्सर वगैरे. निघालं गवत कापायचं मशीन. आपलं आपण फिरतं, कापतं, बॅटरी उतरली की जागेवर जाऊन चार्जिंगला लागतं. ह्यांनी चष्मा लावून सगळीकडून पाहिलं. म्हणाले, "त्यापेक्षा शेळी आणायचीस. दूध तरी मिळालं असतं."
मि. हसला नाही. गणपतीत हे लॉन कापताना पडले, कोपर फुटलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं म्हणे. ह्यांचं ढकलायचं जुनं मशीन मात्र व्हरांड्यातच. आत ठेवू देत नाहीत.

२८ डिसेंबर
मशीनला कुठे वळायचं ते कळावं म्हणून लॉनच्या कडेने वायर टाकायची. चार्जिंगच्या खोक्यापासून निघून पूर्ण फेरी मारून परत खोक्यापाशी. खुंट्यांनी जमिनीला धरून ठेवायची. वायरपाशी आलं की मशीन मागे फिरतं.
वायर म्हटल्यावर हे उठून बसले. सगळी नोकरी कोयलीला रिफायनरीत केबली टाकण्यात गेली. "त्याला काय जमणार? कॉम्प्युटरवाला तो. मी सांगतो तसं करायचं." मि. म्हणाला, "चालेल, बाबा." किती तरी दिवसांनी दोघं एका कामाला लागणार. रात्री शिरा केला.

३० डिसेंबर
सुतळी बांधून आखणी झाली. हे खुर्चीत, मि. गुडघ्यांवर. हे ओरडतात, "ताण देऊ नको, सैल सोड, थंडीत आखडते." मि. सैल सोडतो. चिकूच्या झाडाला वळसा घालायचा, तिथे जायची आणि यायची वायर शेजारी शेजारी. हे त्यांनीच सांगितलं, चित्र न बघता. मि. माझ्याकडे बघून मान डोलावतोय, बाबा भारी आहेत म्हणून.
शेजारच्या जयाबेन भिंतीवरून, "अरविंदभाई, चोर माटे करंट मूको छो के शुं?" चोरांसाठी करंट सोडताय की काय म्हणून. हे खूप हसले. असे हसायचे पूर्वी.
वाटलं, मलाच उगीच भास होत होते. म्हातारपणी विसरतं माणूस. मी नाही विसरत?

१ जानेवारी
सकाळी चहा घेऊन बाहेर गेले तर ह्यांनी अर्ध्या खुंट्या उपटून ढीग घातलेला. "चुकीचं टाकलंय. कोणी टाकलं हे?"
मि. आला. बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे, बाबा. परत टाकू." परत टाकलं. तसंच्या तसं. संध्याकाळपर्यंत.
मला काही विचारलं नाही त्याने. जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं. मी पोळ्या लाटत राहिले.

३ जानेवारी
लिहायचं नव्हतं. पण लिहिते.
फाटकाकडून येणाऱ्या पाऊलवाटेवर वायर उघडी नको म्हणून मि. खुरप्याने चर काढत होता. हे व्हरांड्यातून तरातरा आले. "थांबा. परमिट कुठाय?"
मि.ला वाटलं थट्टा. "घरच्या लॉनला कसलं परमिट, बाबा?"
"खाली लाइन आहे. परमिटशिवाय खणू देणार नाही मी. तुमचे साहेब कोण?"
तुमचे. मुलाला.
मि.ने माझ्याकडे बघितलं. मी गुलाबाची वाळकी पानं काढायला लागले. काय करणार होते. मग त्याने खुरपं खाली ठेवलं, उभा राहिला, म्हणाला, "घेतलंय परमिट, साहेब. ऑफिसात आहे."
"मग हरकत नाही." हे जाऊन खुर्चीत बसले.
मि. हात धुवायला आत गेला. नळ बराच वेळ चालू होता.

४ जानेवारी
हे दुपारी झोपल्यावर मि. स्वयंपाकघरात आला.
"आई, तुला माहीत होतं."
"हो."
"कधीपासून?"
सांगितलं. दिवाळीआधी निजामपुऱ्याला भाजी आणायला स्कूटरवर गेले, चालत आले. स्कूटर कुठे ते आठवेना. जयाबेनच्या मुलाने शोधून आणली. आंघोळीला दोनदा जातात. कधी जातच नाहीत. बँकेत सही वेगळीच केली. मी सगळ्यांना सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.
"फोनवर का नाही सांगितलंस?"
"फोनवर काय सांगू? तू विचारायचास बाबा कसे आहेत, हे शेजारीच उभे असायचे."
त्याने डब्यातला लाडू घेतला, हातात धरून बसला.

६ जानेवारी
अलकापुरीला डॉक्टरांकडे. भले वाटले. ह्यांना वार, महिना, पंतप्रधान विचारलं. वार चुकला. बाकीचं टाळलं, "हे शाळेतले प्रश्न झाले, डॉक्टर."
मि.कडे बोट करून विचारलं, हे कोण?
"आमच्याकडे ट्रेनी आहे. चांगला मुलगा आहे, कष्टाळू." मग पुढे वाकून, खासगीतलं सांगावं तसं, "माझा मुलगाही एवढाच आहे. जर्मनीत असतो. यायचाय."
मि. खिडकीकडे बघत होता.
गोळ्या दिल्यात. विसरणं थांबणार नाही म्हणाले, सावकाश होईल.
येताना हेच म्हणाले, सेव-उसळ खाऊ. तिघांनी खाल्ली. ह्यांनी मि.च्या ताटलीत आपली शेव घातली, लहानपणी घालायचे तशी. कोण समजून घातली कोण जाणे.

८ जानेवारी
हिरवा दिवा लागला. मशीन निघालं. कासवासारखं जातं, वायरपाशी थबकतं, वळतं. हे टाळ्या वाजवत होते. दुपारभर खुर्ची हलवली नाही. "नलू, बघ बघ, वळलं!" प्रत्येक वेळी.
मि. फोटो काढत होता. मग कॅमेरा बंद करून नुसता शेजारी बसला.

१४ जानेवारी
उत्तरायण. गच्च्यांवर भोंगे, सकाळपासून पतंग कापला की "काप्यो छे". उंधियू जयाबेनकडून आला, मी तिळगूळ पाठवला.
लॉनवर तुटलेला मांजा फार. मशीनच्या पात्याला गुंडाळला, अडलं ते. ह्यांनी उलटं करून, मांडीवर घेऊन एकेक वेढा सोडवला. मि. म्हणाला कापून टाकू, तर नाही.
मग एकदम, "मिहिर, वर चल. फिरकी धर."
मिहिर.
दोघं जिन्याने वर गेले. मी खालीच राहिले, मागे गेले नाही. वर गेले असते आणि तेवढ्यात पुसलं गेलं असतं तर. वरून ह्यांचा आवाज येत होता, "ढील दे, ढील दे, गाढवा!"
अर्धा तास तरी असेल. आज एवढंच.

१७ जानेवारी
मि.शी भांडण झालं. भांडण नव्हे, पण.
पुण्याला अशा माणसांसाठी एक घर आहे, तो फोन करून सगळं विचारून बसलाय. ह्यांनी तिथे राहायचं, मी माझ्या बहिणीकडे. रोज भेटायला जायचं. बंगला विकायचा.
"तू एकटी नाही करू शकणार, आई. आज परमिट मागतात, उद्या तुला घरात घेणार नाहीत."
"मग मी पण परमिट घेईन."
"थट्टा नको."
"मी थट्टा करत नाहीये."
मग म्हणाला, "मी तिथे बसून काय करू, सांग ना. मशीन पाठवू अजून एखादं?"
त्याचंही खरं आहे. नोकरी तिकडे, बायको तिकडे, पोर शाळेत. मी डोक्यावर हात ठेवला त्याच्या. केस विरळ झालेत. बाबांसारखेच.

१८ जानेवारी
टॅक्सी आली. मि. पाया पडला. ह्यांनी खांदा थोपटला. "उद्या लवकर या. काम बरंच राहिलंय."
"येतो," म्हणाला.
टॅक्सी वळेपर्यंत मागच्या काचेतून बघत होता.

३१ जानेवारी
मशीन बंद. मि.ने फोनवर सांगितलं, वायर कुठे तरी तुटली असेल. मी वाकून वाकून फिरले. चिकूखाली घुशीने कुरतडलेली. ह्यांनी पक्कड मागितली. जोड दिला, टेप गुंडाळली, इतकी सफाई की बोटाला लागत नाही.
मग विचारलं, "ही कसली वायर?"

१२ फेब्रुवारी
मी देवापाशी होते. उठते तो हे घरात नाहीत. फाटक उघडं. निजामपुरा नाक्यापर्यंत धावले, चप्पल एकच पायात. जयाबेनचा मुलगा बाइकवर निघाला.
जुन्या कंपनी बसच्या थांब्यावर सापडले. इस्त्रीचा शर्ट. हातात रिकामा डबा. "बस आज लेट आहे," म्हणाले. बाजूच्या चहावाल्याने बाकावर बसवून ठेवलं होतं, बरं झालं. ती बस बंद होऊन वर्षं झाली.
रिक्षात माझा हात धरून बसले. घरी येऊन मी रडले. त्यांनीच पाणी आणून दिलं. "कोणी काही बोललं का तुला?"

१५ फेब्रुवारी
मि.ला सांगितलं. लपवणार नाही असं त्याला कबूल केलं होतं.  तो म्हणाला, फाटकाला आधी कुलूप लाव. पुण्याला एक खोली रिकामी होतेय. पुढच्या रविवारी फोन करतो, हो की नाही सांग.

२१ फेब्रुवारी
कुलूप आणून चार दिवस ओट्यावर होतं. आज लावलं. स्वतःच्या नवऱ्याला. 
चहानंतर हे फाटकापाशी गेले. हलवून बघितलं. परत हलवलं. मी व्हरांड्यात उभी.
"कुलूप कोणी लावलं?"
"मी."
वाटलं ओरडतील. हवं होतं ओरडायला.
"बरं केलंस," म्हणाले. "दिवस चांगले नाहीत. तू एकटी असतेस."
आणि आत येऊन पेपर वाचत बसले.

२२ फेब्रुवारी
रविवार. वरण-भात झालाय. हे जेवताना म्हणाले मीठ बरोबर आहे.
मि.चा फोन दुपारी येईल. सकाळपासून मनात हो म्हणून बघतेय, नाही म्हणून बघतेय. दोन्ही तोंडातून निघत नाही.
मघाशी हे विचारत होते, "नलू, आज कोणी येणार आहे का?"