काळ्या गोळीतली चांदी

मॅडम, ती काळी गोळी अजून माझ्याकडे आहे. काचेच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कपाटाच्या वरच्या खणात. इथल्या दमट हवेचा तुम्हाला भारी राग. प्रयोगशाळेचं दार कुणी उघडं टाकलं की "माझ्या गोळ्यांना सर्दी होते" म्हणून ओरडायचात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बाटलीचं बूच घट्ट आहे ना, हे मी जाता-येता बघतो. बायको हसते, पण झाडलोट करताना बाटलीला हात लावत नाही.

मंदी आली तेव्हाचे दिवस आठवतात. शारजात विद्यापीठासमोरच्या अर्धवट टॉवरवरची क्रेन हलेनाशी झाली. आमच्या शेजारचं कुटुंब सोफा, फ्रीज मिळेल त्या भावाला विकून पुण्याला परत गेलं. आणि विभागप्रमुख दारात उभे राहून हात झटकत म्हणाले, "खलास, डॉक्टर. नो परचेस. इन्शाल्ला, नेक्स्ट इयर." माझी नोकरी तुमच्या प्रकल्पावर आणि व्हिसा त्या नोकरीवर. बायको आणि नुकती चालायला लागलेली मुलगी माझ्या त्या एका शिक्क्यावर इथे राहत होत्या. उन्हाळ्याआधी विभागाला एक धड गोळी दाखवायची, नाहीतर आम्हीही चंबूगबाळं आवरायचं, असं ठरलं होतं. आणि गोळ्या तर एकामागून एक फुटत होत्या.

इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडची ती गोळी म्हणजे शेवटी भाजलेली मातीच, कपबशीसारखी ठिसूळ. द्रव नायट्रोजनमध्ये गार झाली की ती विजेला जराही अडवत नाही, चुंबकावर अधांतरी तरंगते. पण त्याच थंडीत बुडवताना टचकन तडकते, आणि तडा गेला की वीजही तिथेच अडते. चिमूटभर जस्त घालून पाहू का, असं मी विचारलं आणि तुम्ही खल बाजूला ठेवलात. "चार वर्षं काय शिकलास? जस्त तांब्याच्या जागेवर जाऊन बसतं, मग गोळीचा सगळा गुणच जातो. चांदी दाण्यांच्या मधल्या फटीत राहते, कुणाची जागा घेत नाही. तडा तिच्यापाशी येऊन थांबतो, आणि वीज या दाण्यातून त्या दाण्यात सहज जाते. फार घातलीस तर मात्र गोळीची नुसती चांदीच होईल. काय घालतोस यापेक्षा ते कुठे जाऊन बसतं ते बघ." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणालात, "आणि आपण दोघं इथे काय रे? चांदी की जस्त?" मला हसू आलं नाही. तुम्ही मात्र खो खो हसलात.

त्या शुक्रवारी तुम्ही मला बर दुबईला घरी जेवायला बोलावलंत. खालच्या गल्लीत देवळाकडे जाणाऱ्यांची गर्दी, झेंडूचा वास, वर तुमचं एकटीचं चिमुकलं स्वयंपाकघर. तुम्ही मेतकूट-भात वाढलात आणि स्वतः दही घेतलंत ते एका पोचे आलेल्या चांदीच्या वाटीत. जेवण झाल्यावर ती वाटी घासून, पुसून तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. "माझ्या उष्टावणाची आहे," म्हणालात, "आजोबांनी केलेली." "कातर आण सोमवारी. हिचे तुकडे करायचे."

मी म्हणालो, "मॅडम, असं काय करता? खाली उतरलं की मीना बाजार. चांदीचं नाणं आणतो ना मी."

"आण की. पण मग ही कुणाकडे जाणार?" तुम्ही ओटा पुसत होतात, माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. "मला ना मूल ना बाळ. भाचे वजन करून मोडीत देतील. त्यापेक्षा तुझ्या गोळीत राहू दे."

तुम्हाला तेव्हा तुमच्या आजाराचं कळलं होतं, मला कळलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारी हळवी झाली. चुकलो.

वाटीचे तुकडे नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळले आणि पाणी निळसर झालं, तेव्हा तुम्हाला कोण आनंद! "सोनाराने तांबं घातलंय. आजोबा फसले माझे!" मग मिठाचं पाणी ओतल्यावर चांदी फाटलेल्या दुधासारखी खाली बसली, तांबं वर पाण्यात राहिलं. तो चोथा पुन्हा पुन्हा धुऊन, त्याची शेवटी करडी पूड करून तुम्ही ती काळ्या पुडीत स्वतः खललीत, मला हात लावू दिला नाहीत. भट्टी निवत असताना मी सारखा आत डोकावत होतो, तर तुम्ही ओरडलात, "शिरा नाहीये तो, झाकण ठेव!" ती गोळी आपण नायट्रोजनमध्ये बुडवली, काढली, परत बुडवली. तडकली नाही. चुंबकावर ठेवली तर तरंगली, आणि तुम्ही बोटाने तिला हलकेच गरगर फिरवलंत. विभागप्रमुखांनी "मबरूक" म्हणत तुमचं अभिनंदन केलं आणि मला आणखी एक वर्ष मिळालं.

ते वर्ष संपायच्या आत तुम्ही पुण्याला उपचारासाठी गेलात. जाताना बाटली माझ्या हातात देऊन "यल्ला, कामाला लाग" एवढंच म्हणालात. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या नोकरीच्या व्हिसासाठी पासपोर्ट देऊन बसलो होतो. देश सोडता येत नव्हता. तुमचं शेवटचं दर्शन झालं नाही, हे मला अजून सहन होत नाही, मॅडम. त्या दिवशी मी अब्र्यातून, त्या छोट्या होडीतून, दुबईच्या खाडीच्या या काठावरून त्या काठावर नुसता जात-येत राहिलो, दुसरं काय करायचं ते सुचेना.

मुलगी आता कॉलेजात आहे. परवा माझी प्रयोगशाळा बघायला आली, मी बाटली तिथे मुद्दाम नेली होती. तिला वाटीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, जस्ट डिप इट ना! आय वॉन्ट टू सी इट फ्लोट." मी बूच काढलं. गोळीच्या कडेला पांढुरकी बुरशीसारखी साय धरलेली दिसली. इतकं जपूनही दमट हवेने तिला गाठलंच. आत अजून काही उरलं असेल, कदाचित तरंगेलही. नाही तरंगली, तर मात्र तुमचं इथलं सगळंच संपलं असं मला वाटेल. मी बूच परत लावलं आणि पोरीला सांगितलं, नायट्रोजन संपलाय.

फ्लास्क काठोकाठ भरलेला होता, मॅडम.