जागा भरली होती

रविवार, ता. ९ मार्च
दुपारी, जेवणं उरकल्यावर

प्रिय आपास,
बुटकीचा सलाम.

इकडे सगळे बरे आहोत. थंडी सरल्यापासून अम्मीचे गुडघे गप्प आहेत. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्त होऊन आलं आणि पहिल्यापेक्षा जास्त खडखडायला लागलं. अब्बांना ते ऐकू येत नाही, त्यामुळे तक्रार फक्त शेजाऱ्यांची आहे. तू पाठवलेला स्वेटर त्यांनी घातला, आरशात मागून-पुढून पाहिला आणि 'काखेत सैल आहे' म्हणून उसवायला घेतला. शिंप्याला तयार कपडे पाठवू नयेत हे तुला एव्हाना कळायला हवं होतं.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आपल्याकडे फोन म्हणजे सभा असते. अब्बांसाठी स्पीकर लावायचा, अम्मी मधूनमधून दुरुस्त्या करणार, आणि शेवटी तू 'बरं, ठेवते' म्हणणार. मला जे सांगायचंय ते सभेत सांगण्यासारखं नाही.

आधी चांगलं सांगते. नोकरीत माझा जम बसलाय. चष्म्याचं दुकान आहे एवढंच तुला माहीत आहे, आणि कान तपासायला शिकलेली बहीण चष्म्याच्या दुकानात काय करते असं तुला वाटत असणार. तर दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिथे पूर्वी फ्रेमची खोकी पडलेली असायची. मालकांनी, मी त्यांना काका म्हणते, भिंतींना जाड फोम लावून घेतला, दाराला खाली रबर ठोकलं, आणि आता ती माझी खोली आहे. दार लावलं की बाहेरचा रस्ता बंद झाल्यासारखा वाटतो. माणूस खुर्चीत बसतो, कानांवर हेडफोन चढवतो, आवाज आला की बटण दाबतो. मग कानाच्या यंत्रासाठी मी कानात गुलाबी लगदा भरून साचा घेते. तो घट्ट होईपर्यंत माणसाला काहीच ऐकू येत नाही आणि तरीही बहुतेक जण तेव्हाच मला आपली सगळी कहाणी सांगतात.

काकांनी मला कसं घेतलं ते ऐक. पहिल्या दिवशी त्यांनी आडवळण न घेता विचारलं, "गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची येतात. तुझ्या स्कार्फवरून कुणी काही बोललं तर?"

मी म्हटलं, "मला बोललं तर मी माझं काम करत राहीन. पण तुम्हाला बोललं तर तुम्ही काय कराल ते आत्ताच सांगा. नंतर दोघांची पंचाईत नको."

ते हातातला चष्मा पुसत बसले. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही."

मला ते आवडलं, आपा. तोवर मला भेटलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं.

काकू गल्ल्यावर असतात. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळेल तेव्हा कळेल. तोवर पोरीला माझे कान तपासू दे." तपासले. उजवा कान बराच गेलेला. माझ्याकडच्या नमुन्याच्या यंत्रावर आवाज जुळवून ते त्यांच्या कानात बसवलं, तर त्या थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिल्या, मग काकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं असेच पुटपुटत होतात?" काका तेव्हापासून दुकानात जपून बोलतात.

आणि एक साहेब आले एकदा. निवृत्त असावेत, बूट लख्ख. घरातल्या सगळ्यांचे चष्मे वर्षानुवर्षं इथूनच करणारे. त्यांना कानाचं यंत्र हवं होतं. मी आतून बाहेर आले, तर माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "दुसरं कोणी नाही का?"

"कशाकरता?" काका म्हणाले.

"नाही म्हणजे… या बाई…"

"कान दाखवायचाय ना? तो इथे याच बघतात."

साहेब 'पुन्हा येतो' म्हणून गेले आणि अजून आलेले नाहीत. ती सगळी दुपार काका माझ्याशी बोलले नाहीत. मी डबा, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत भरून ठेवलं. उद्यापासून येऊ नकोस हे ऐकायची तयारी केली होती. संध्याकाळी शटर ओढताना ते म्हणाले, "तू विचारलं होतंस ना मी काय करीन म्हणून. मलाही आजच कळलं." आणि कुलूप लावायला वाकले. मी बसमध्ये घरापर्यंत हसत आले. शेजारची बाई सरकून बसली.

आता दुसरं. हे लिहायला मी मघाशी उठून चहाही करून आले.

दुकानात लागायच्या आधी त्या मोठ्या क्लिनिकमध्ये मी गेले होते, आणि 'जागा भरली होती' असं मी घरी सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. आपा, जागा भरली नव्हती.

फोनवर त्यांनी मला जवळजवळ घेतलंच होतं. मुलाखतीत सगळं विचारून झालं होतं, आता फक्त कागदपत्रं घेऊन या म्हणाले. मी गेले. तिथल्या मॅनेजर बाई वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचंय. ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला, साखर विचारली, आणि मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे वयस्कर लोक येतात. त्यांना बोलणाऱ्याचे ओठ दिसावे लागतात."

"माझे ओठ दिसतात, मॅडम."

त्यांनी पाहिलं. दिसत होते. "तसं नाही. पण यंत्र कसं बसवायचं ते स्वतःच्या कानावर दाखवावं लागतं."

"मी प्लास्टिकचा कान वापरते. कॉलेजात सगळे तोच वापरायचे." तो माझ्या पिशवीत होता. मी काढून टेबलावर ठेवला. आता आठवून हसू येतं. आम्ही दोघी आणि मधे एक कान.

मग त्या म्हणाल्या की सगळा स्टाफ एकसारखा दिसावा अशी संस्थेची पद्धत आहे. आणि शेवटी अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं, कायमचा कुठे काढायचाय? आल्यावर काढायचा, जाताना घालायचा. ठेवायला तुला लॉकर देऊ. आमच्याकडे कोणीच तक्रार करत नाही."

मी विचार करते म्हटलं नाही. नाही म्हटलं. कान उचलला आणि बाहेर आले. त्यानंतर आणखी काही दारं झाली. कुठे नुसतं वरपासून खाली बघितलं, कुठे 'कळवतो' म्हणाले. त्यांचं मला फार वाटलं नाही. लॉकरचं मात्र डोक्यातून जाईना.

कारण मला तू आठवलीस.

हॉस्पिटलात लागल्यावर पहिल्या सुट्टीला तू घरी आलीस तेव्हा स्कार्फ बॅगेत होता. अम्मीनं विचारलं, तर तू म्हणालीस, उकडतं. थंडीचे दिवस होते, आपा. अम्मी काय काय बोलली ते मी पुन्हा लिहीत नाही. शिकली आणि घर विसरली, हे तर ती अजूनही बोलते. त्यानंतर तुमच्या दोघींत गुडघे आणि हवा याशिवाय विषय उरला नाही, आणि तुझ्या सुट्ट्या दर वर्षी आणखी छोट्या होत गेल्या.

मी क्लिनिकला नाही म्हटलं हे मी अम्मीला का सांगितलं नाही, ते आता तुला कळेल. ती खूश झाली असती. माझ्या तोंडावरून हात फिरवला असता, आणि लगेच तुझं नाव निघालं असतं. धाकटीनं नाही काढला, म्हणाली असती. मला तुला मारायची छडी व्हायचं नव्हतं. त्यापेक्षा जागा भरलेली बरी.

तर विचारते. तुलाही कोणी चहा देऊन लॉकर दाखवला होता का?

मला नोकरी नसती तरी घरात अब्बांचं मशीन चालू होतं, तुझे पैसे येत होते. तू लागलीस तेव्हा यातलं काहीच नव्हतं. माझा हट्ट तुझ्या जिवावर झालाय, हे मला त्या क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना कळलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. नुसता हवापाण्याचा मजकूर आला तरी मी समजेन.

तुझी,
बुटकी


रविवार, ता. २० एप्रिल

आपा,
आज सलाम अम्मीचाही आहे. तो कसा आला ते खाली सांगते.

तुझं पत्र मी दुकानातल्या माझ्या खोलीत, दार लावून वाचलं. बाहेर काकूंनी एका आजोबांना बसवून ठेवलं होतं. त्यांना जरा थांबावं लागलं.

तुला लॉकर नव्हता, खुंटी होती. मेट्रननं दाखवलेली, बदलायच्या खोलीत दारामागे. तू लिहिलंयस की पहिले काही दिवस तू सुट्टी झाली की स्कार्फ घालून बाहेर पडायचीस, मग एकदा बस पकडायच्या घाईत तो खुंटीवरच राहिला, आणि बसमध्ये कोणी तुझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मग तू रडलीस. मी तो भाग पुन्हा वाचला नाही. एकदाच पुरे झाला.

आणि पुढे तू लिहिलंस, 'आता मी घालेन असं नाही. आता डोकं उघडं असतं ती सवय माझीच आहे. पण ती सुरू मी केली नव्हती, याचा राग मला इतक्या वर्षांनी तुझं पत्र वाचून आला.' तुझा राग बघून मला बरं वाटलं. तू कायम इतकी समजूतदार असायचीस की भीती वाटायची.

त्या नव्या नर्सचं वाचून तर मी खुर्चीतून उठलेच. तू मुलाखतीच्या टेबलावर बसतेस हे मला माहीतच नव्हतं. तुझ्या शेजारी बसलेले ते गृहस्थ तिच्या स्कार्फकडे बघून 'आमच्याकडे तसं…' म्हणायला लागले आणि तू त्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडून तिला सलाईन लावायला सांगितलंस, आणि तिनं एका झटक्यात शीर पकडली. ती नोकरीला लागली, हे उत्तम. तिला खुंटी दाखवायला कोणी गेलंच, तर त्या खोलीत तू आधीच उभी असशील हे त्याहून उत्तम.

तू म्हणालीस म्हणून मी कामगार कचेरीत तक्रारही दिली. काका सोबत आले होते. तिथल्या बाकावर मला धीर देता देता तेच झोपी गेले. क्लिनिकला विचारणा गेली, आणि मग त्याच मॅनेजर बाईंचा फोन आला. गैरसमज झाला होता, तुम्ही येऊ शकता, जशा आहात तशा. आवाज तसाच मऊ. मी म्हटलं, मला नोकरी आहे, पण कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात दोघी आहेत, दोघी स्कार्फ घालतात, हुशार आहेत, पाठवू का? त्यांनी दोघींचे नंबर लिहून घेतले. मग म्हणाल्या, पाठवा. त्यातली एक या महिन्यात रुजू झाली. लॉकरमध्ये ती डबा ठेवते.

तिथली मशीनं माझ्या मशीनपेक्षा चांगली आहेत, हे कबूल करते. एक दिवस मनात आलं होतं. पण मागच्या खोलीत आता माझी माणसं येतात, आणि काकांनी पुटपुटायचं सोडल्यापासून त्यांच्याशी बोलणंही होतं.

आता अम्मी. वाचून दाखव असं तू लिहिलं होतंस, तरी मी जवळजवळ महिनाभर पत्र पिशवीत घेऊन फिरले. काल दाखवलं. माझंही सांगितलं, जागा भरली नव्हती हे. ती मटार सोलत होती. तुझ्या खुंटीपाशी आले तेव्हा तिचे हात थांबले. पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाली, "मला का नाही सांगितलं तिनं?"

मी म्हटलं, "तू ऐकायच्या आधीच बोलायला लागली होतीस, अम्मी."

ती उठली, मोरीत गेली आणि घासून ठेवलेली पातेली पुन्हा घासायला लागली. मी जवळ जाऊन उभी राहिले. नळ चालू ठेवूनच ती म्हणाली, "तिकडे त्यांनी तो दारामागे टांगायला लावला. आणि घरी आली तर मी…" मी धुतलेली पातेली पुसायला घेतली.

एवढ्यात अब्बांनी मशीन थांबवून विचारलं, "कोण आलंय?"

"कोणी नाही अब्बा," मी मोठ्यानं सांगितलं. "आपाचं पत्र आहे."

"काय म्हणते?"

मी उत्तर जुळवत होते. अम्मी ओल्या हातांनीच त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "येतेय म्हणते. या सुट्टीत. चांगली राहायला येतेय."

अब्बांना ते पहिल्याच वेळी ऐकू आलं. त्यांनी मान हलवली आणि तुझ्या मापाचं कापड शोधायला कपाट उघडलं.

मी अम्मीला बाजूला घेऊन म्हटलं, आपानं असं काही लिहिलेलं नाही.

"मग तू लिही," ती म्हणाली. "ये म्हणावं. डोक्यावर काय आहे, काय नाही, ते कोणी विचारणार नाही. मीही नाही."

हे तिचे शब्द आहेत, मी एकही घातलेला नाही. लिहून झाल्यावर तिनं मला वाचून दाखवायला लावले, मग म्हणाली, शेवटी माझं नाव आधी घाल.

वाट पाहणारी अम्मी,
अब्बा,
आणि बुटकी