सत्त्याऐंशीव्या पानावर एकही शब्द घालू नये

काल सगळ्यात आधी पोचला तो अल्पेश, माझा मुलगा. ट्रकांच्या धंद्यातून ज्याला गणपतीतही दोनच दिवस मिळतात तो रविवारी आपणहून फरसाण घेऊन आला, तेव्हाच मी मनात म्हटलं, मैना, सावध. त्याच्यामागून मांडव्याला बोटीने उतरलेली मुंबईची दोन माणसं आली, पुस्तक छापणारी. एक बाई, एक चष्मेवाला. बाई कप तोंडाला लावायच्या आधीच चहा छान झालाय म्हणाली. म्हणून आज हे मृत्युपत्र.

मी मैना धर्मा घरत, वय चौऱ्याहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, राहणार खारकोंढी, तालुका अलिबाग. माझं डोकं ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि ते फरसाण मी अजून फोडलेलं नाही. माझ्या हाताने लिहिते, अक्षर वाकडं आहे ते चालवून घ्यावं.

एक. राहतं घर अल्पेशला. त्याने मागच्या पडवीचं छप्पर गळतं म्हणून दोन वर्षं नुसतं बघितलं, तरी त्यालाच. ओटीवरचं कपाट आणि त्यातली एक्केचाळीस पुस्तकं मात्र त्याची मुलगी जागृती हिला. ह्या चित्रांच्या कादंबऱ्या आहेत, जागृती त्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणते. चित्रकला शिकायला मुंबईत होती तेव्हा एकेक आणायची. अल्पेश त्यांना पोरांची पुस्तकं म्हणतो. मी सगळी वाचली, काही तीनतीनदा. इंग्रजी येत नाही, पण चित्र खरं असेल तर माझं अडत नाही.

दोन. ह्यातलं पुस्तक कोणाला द्यायचं झालं तर जागृतीने माझं मत सांगून द्यावं. ज्या पुस्तकातली माणसं सारखे हात खिशात घालून उभी असतात त्याच्या चित्रकाराला हात काढता येत नाहीत, मी पैजेवर सांगते. निळ्या पुठ्ठ्याचं तसलंच आहे, ते कोणीही न्यावं. दुसऱ्या एकात बाई रडताना दिसतेय आणि वर लिहिलंय, ती रडली. अरे, मला डोळे आहेत! रंग फार भडक असले की तिथे काहीतरी झाकलंय असं समजावं. दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते ना, तिथे मी सगळ्यात जास्त वेळ बसते. एका चौकटीत बाई दार लावते, पुढच्या चौकटीत ताट तसंच पडलंय. मधे काय झालं ते मीच ठरवायचं. जो मला हे काम देतो तो चित्रकार चांगला.

तीन. जागृतीने स्वतः असं पुस्तक काढलंय, आपल्या मिठागराचं, एकशे बेचाळीस पानं. त्यात माझे हात खिशात नाहीत, करंगळीसुद्धा वाकडी आहे तशी आहे! शेजारच्या अख्तरुन्निसाला चारदा दाखवलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "मैनाबाय, आता मला परीक्षेलाच बसवा." माझ्या मीठ ओढायच्या दोन्ही फळ्या जागृतीला, चित्रासाठी पुन्हा लागतील.

चार. आता सत्त्याऐंशीवं पान. मिठागराच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडी दार. ओहोटीला उघडायचं, भरतीआधी लावायचं. ती राखायचं काम माझ्या मालकांचं, धर्मांचं. अडतीस वर्षांपूर्वी चैत्री पुनवेला त्यांना ताप होता. मी म्हटलं, मी लावून येते. वाटेत हळदीचा मांडव होता. बायका म्हणाल्या, एक गाणं म्हण. मी सात म्हटली. दुपारचं उधाण उघड्या दारातून आत शिरलं आणि आमच्याच मिठागरातल्या दिनानाथची रचलेली मिठाची रास विरघळून गेली. गावकीपुढे मालक म्हणाले, "मीच विसरलो." मी गप्प बसले. त्यांचं काम गेलं. मरेपर्यंत लोक त्यांना झोपाळू धर्मा म्हणत. दिनानाथने तेव्हापासून आमच्या ओटीवर पाय ठेवला नाही.

हे मी कोळंबी सोलताना जागृतीला सांगितलं आणि तिने आठ चौकटींत काढलं. मी गातेय, दार उघडं, पाणी, बांधावर मालक मान खाली घालून उभे. एक अक्षर नाही.

काल चष्मेवाला म्हणाला, "आजी, वाचकांना कळणार नाही. वर एकच ओळ टाकू, उधाणाने दार फोडलं."

मी विचारलं, "वाचकांना कळणार नाही, की अल्पेशला नको?"

अल्पेश पंख्याकडे बघायला लागला. "आये, तुझं नाव खराब व्हईल."

"आणि तुझ्या बापाचं झालं ते?"

"बाबा तर गेले आता."

म्हणून लिहिते. मी असताना किंवा नसताना त्या पानावर एकही शब्द घालू नये. जागृतीचं हे पहिलंच पुस्तक, तिला गोड बोलून वाकवतील. तेव्हा त्या पानाचं मूळ चित्र दिनानाथला द्यावं. अडतीस वर्षं ज्याचा राग उतरला नाही त्याच्याइतका खात्रीचा माणूस मला दिसत नाही. मेल्यावर नको, आजच द्यावं.

पाच. हे लिहून झाल्यावर जागृती चित्र घेऊन गेली ती दिनानाथला घेऊनच आली. तो पायरीशी थांबला, मग ओटीवर आला. मी म्हटलं, "भावोजी, चूक माझी."

"व्हय, दिसतंय," म्हणाला. एकेक चौकट बघत गेला. मग सातव्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "हे खोटं हाय."

"काय खोटं?" मी विचारलं.

"पानी शिरलं तवा धर्मा असा उभा न्हवता. तापानं फणफणलेला, कमरेएवढ्या पान्यात माझं मीठ पाटीनं काढत व्हता. मीच त्याला हाकलला, वयनी."

हे मला मालकांनी कधीच सांगितलं नाही.

जागृतीने तिथेच पेन्सिल काढली. तरी कलम चारमध्ये एवढीच दुरुस्ती: सातवी चौकट दिनानाथ सांगेल तशी नव्याने काढावी. शब्द तिथेही नको. मग चित्र त्याच्याकडेच राहावं. मुंबईवाले आले की तोही ओटीवर बसणार आहे, मी बोलावलं नव्हतं.

सही: मैना धर्मा घरत

माझ्यासमोर बसून, मला सही करताना बघून सह्या करणारे:
अख्तरुन्निसा रशीद, शेजारीण
तुळशीराम म्हात्रे, पोस्टमन

खारकोंढी, सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४. मुंबईची माणसं शुक्रवारी, १६ तारखेला, सकाळच्या बोटीने परत येतो म्हणून गेली आहेत.