मुकल्ल्याहून आलेले तीन खंजीर

मृत्युपत्र लिहून ठेवणार: शेख मुनवर वल्द शेख फकीर, वय सहासष्ट, धंदा शिकलगारी, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देण्याचा, राहणार भूम, जिल्हा उस्मानाबाद.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. कालच शेजाऱ्याच्या विळ्याला धार लावून दिली आणि बोटं शाबूत आहेत. परंतु जन्मभराची दगडाची धूळ छातीत बसली आहे. धाराशिवच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मला पडद्याआडून ऐकू आलं. म्हणून कोणाच्या दबावाशिवाय आणि कोणाच्या सांगण्याशिवाय हे लिहून ठेवत आहे. माझं शिकणं उर्दूत झालं. आता कचेरीत मराठी चालते. मराठी बोलतो, लिहिताना हात अडतो. म्हणून मी सांगतो आणि शरणबसप्पा अर्जनवीस लिहितात. मधेच ते म्हणतात की हे मृत्युपत्रात घालायची रीत नाही. मी म्हणतो, घाला.

कलम १. माझी बायको बेगमबी वारली. मुलगा नाही. मुलगी एकच, नसीमबी. तिची मुलगी जैनबबी इथल्या शाळेत नववीला आहे. दुसरा वारस म्हणजे माझ्या मयत भावाचा मुलगा चाँदपाशा, राहणार मुंबई. आमच्या शरियतीप्रमाणे निम्मं मुलीला जातं आणि उरलेलं निम्मं पुतण्याला. मृत्युपत्र लिहून त्याचा वाटा मला काढून घेता येत नाही, हे वकिलांना विचारून झालं आहे. मला काढून घ्यायचा होता. का, ते पुढे येईल.

कलम २. बाजारपेठेतलं दोन खणांचं घर आणि त्याला लागून असलेलं दुकान आता माझं राहिलेलं नाही. गेल्या वर्षी रमजानच्या आधी ते मी नसीमला हिबा केलं, म्हणजे जिवंतपणी बक्षीस दिलं. किल्ली तिच्या हातात ठेवली आणि दोन माणसांसमोर माझी वळकटी घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मग तिने आत बोलावलं तेव्हा पाहुण्यासारखा आत आलो. ती म्हणाली, "अब्बा, लोक काय म्हणतील?" लोकांनी बघावं म्हणूनच केलं होतं. ताबा दिल्याशिवाय हिबा पुरा होत नाही. तेव्हा चाँदपाशाने या घरात वाटा मागू नये.

कलम ३. पोटासाठी मी न्हाव्यांचे वस्तरे, खाटकांच्या सुऱ्या आणि शेतकऱ्यांचे विळे केले. शौक वेगळा होता. हाताने घडवलेला चाकू दिसला की मला राहवत नसे. कारखान्यात झालेला एकही मी कधी घेतला नाही. एका रोहिल्याकडून घेतलेला पठाणी सुरा, विजापूरच्या बाजूची एक कट्यार, सांबरशिंगाच्या मुठीचा एक लहान चाकू, असे करत करत दुकानाची भिंत भरली होती. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं ती भिंत बघायला येत. अठ्ठेचाळीस साली फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघाला. मी आणि माझा जावई सलीम, दोघांनी ती सगळी एका गोधडीत बांधून नेली आणि देऊन आलो. ती परत आली नाहीत.

त्या दिवसांत आणखी जे झालं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांचं गेलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नेलं त्यांनाही. माझा भाऊ, चाँदपाशाचा बाप, त्यात गेला. आम्ही बाकीचे वाचलो, कारण शेजारी दगडोबा आम्हाला आपल्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर, घेऊन गेला आणि स्वतः दारात आडवा निजला. ती हत्यारं कधी परत मिळालीच, तर त्यांतलं हवं ते दगडोबाने आधी निवडावं.

कलम ४. सलीम बिन अवद याच्याविषयी. त्याचे आजोबा अरबस्तानातून निजामाच्या चाकरीत आले. बाप इथल्या खजिन्यावर पहारा करी. सलीम भूमला जन्मला, इथल्याच ओढ्यात पोहायला शिकला आणि माझ्या चाकाशी बसून शिकलगार झाला. राज्य गेल्यावर अरबांना त्यांच्या मुलखात परत पाठवायचं ठरलं. त्यांत सलीमचंही नाव आलं. निघताना तो मला म्हणाला, "अब्बा, मला तिथली भाषा बी येत न्हाय. म्या कुणाशी बोलू?" नसीमला तेव्हा दिवस गेले होते. जैनबबीने बापाला पाहिलेलं नाही, आणि बापाने तिला.

काही वर्षं ठावठिकाणा नव्हता. मग हजहून परतलेल्या एका माणसाने निरोप आणला. सलीम मुकल्ला नावाच्या बंदरात होता. खंजीर घडवणाऱ्या एका कारागिराकडे आधी पडेल ते काम केलं आणि आता स्वतः घडवत होता. तिकडे पुरुष कमरेला खंजीर लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे हाताला काम होतं. त्याने नसीमला आणि मुलीला बोलावलं होतं. आम्ही पासपोर्टसाठी अर्ज केला. तो पुढे सरकत होता. दिवाळीनंतर होऊन जाईल असं आम्हाला सांगण्यात आलं. नसीमने पत्र्याची ट्रंक विकत आणली, तिच्यावर रंगाने नाव घालून घेतलं आणि कपडे भरायला सुरुवात केली.

कलम ५. त्याच सुमारास सलीमने मला न विचारता तीन खंजीर पाठवले. निरोप असा होता की अब्बांची भिंत रिकामी आहे, ती भरायला हे घ्या. पेटी जहाजाने मुंबईला उतरली आणि तिथंच अडकली.

चाँदपाशा तेव्हा बंदरावर माल सोडवून देणाऱ्या एका दलालाकडे नोकरीला होता. काम त्याच्यावर सोपवलं. मी त्याला बजावलं की जे आहे तेच लिही: हाताने घडवलेले खंजीर, नग तीन, मुठीवर चांदी, शौकासाठी, विकायला नाहीत. तो म्हणाला, "चाचा, असं लिवलं तर पेटी जन्मात सुटायची न्हाय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. परदेशी मालाला आयातीचा परवाना लागे आणि शौकाच्या वस्तूला तो मिळत नसे. खंजीर म्हणजे हत्यार, त्याला वेगळा परवाना. चांदी बाहेरून आणायला बंदी. हा परवाना मागायला गेलं की तो आधी दाखवा म्हणत, आणि तो मागायला गेलं की हा. भूमहून एसटीने धाराशिव, पुन्हा भूम, बार्शीवरून मुंबई, पुन्हा धाराशिव, असा मी हिंडत राहिलो. दुकान बंद राहू लागलं. माझ्या अर्जाच्या चौकशीसाठी एका फौजदाराने मला बोलावलं. अरबस्तानातून तुला खंजीर कोण पाठवतो आणि कशासाठी, असं त्याने विचारलं. जावई पाठवतो, भिंतीवर लावायला, असं मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी अठ्ठेचाळीस साली पाहिलेलं होतं. घरी येऊन मी नसीमला म्हणालो की पेटी राहू दे, सोडून देऊ. पण तोवर उशीर झाला होता.

कलम ६. चाँदपाशाने मला न सांगता कागदावर लिहून दिलं होतं: भाजी चिरायच्या सुऱ्या, नग तीन. त्याला वाटलं, तेवढ्यावर सुटेल. कस्टमच्या साहेबांनी पेटी उघडायला लावली. मग खोटं सांगून हत्यारं आणली, असा मामला माझ्या नावावर उभा राहिला आणि सुनावणीसाठी मला मुंबईला बोलावणं आलं.

साहेबांनी चाँदपाशाला विचारलं की हे असं कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं. तो माझ्या शेजारीच उभा होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "चाचांनी सांगितलं तसं लिहिलं, साहेब."

त्याची नोकरी होती. नुकतंच लग्न झालं होतं. खरं बोलला असता तर दोन्ही गोत्यात आलं असतं. हे मला समजतं. समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. मी म्हणालो की मी असं सांगितलं नव्हतं. साहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि कागदावर होतं ते धरलं. त्यांना मी दोष देत नाही. कायदा त्यांनी केला नव्हता आणि खोटंही त्यांनी लिहिलं नव्हतं.

खंजीर जप्त झाले. मी एवढीच विनंती केली की एकदा बघू द्या. साहेब माणूस म्हणून बरे होते, त्यांनी पेटी आणवली. गोदामातल्या खाऱ्या हवेने पात्यांवर गंजाचे ठिपके उमटू लागले होते. मी खांद्यावरच्या रुमालाने पुसायला लागलो. साहेब म्हणाले, "राहू द्या, बाबा. आता ते सरकारचे झाले."

मी म्हणालो, "सरकारचे झाले म्हणून गंजू द्यायचे का, साहेब?"

त्यांनी मला पुसू दिलं. मी तिन्ही पुसले. एकाच्या पात्यावर मधोमध उभी शीर काढली होती, ती मी सलीमला शिकवलेली तऱ्हा. हात कुठं थांबला आणि कुठं पुन्हा चालला, ते मला ओळखू येत होतं. मग म्यानात घालून परत दिले. पुढे त्यांचा लिलाव झाला की ते मोडीत गेले, मला ठाऊक नाही. माझा त्यांवर हक्क उरलेला नाही, म्हणून ते वाटणीत धरलेले नाहीत.

कलम ७. त्या निकालानंतर नसीमचा पासपोर्ट नामंजूर झाला. कारण लिहिलेलं नव्हतं. एका जाणत्या माणसाने तोंडी सांगितलं की या घराने परदेशातून हत्यारं मागवली, असा शेरा कुठंतरी पडला आहे. कुठं पडला ते त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. नसीमने ट्रंकेतले कपडे काढले आणि उसवून जैनबबीच्या मापाचे शिवले.

गेल्या साली मुकल्ल्याहून कळलं की सलीमने तिथं दुसरा निकाह केला. सांगायला मी तिच्याजवळ गेलो, तेव्हा ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं, अब्बा. तिथं त्यांच्याशी बोलाया कुणीतरी पाहिजेच की." आणि पाय पुन्हा मशीनवर चालू झाले. रडली असेल तर माझ्यासमोर नाही.

सलीमकडून तलाक आलेला नाही आणि खर्चही येत नाही. नसीमने कोर्टातून आपली मोकळीक करून घ्यावी. मन झालं तर पुन्हा घर मांडावं. तिला बापाच्या परवानगीची गरज नाही, पण उद्या लोक विचारतील, म्हणून लिहून ठेवतो की माझी परवानगी आहे. सलीमला कोणी शिव्या देऊ नयेत. तो आपण होऊन गेला नव्हता.

कलम ८. माझ्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मला मर्जीने देता येतो. तो मी नात जैनबबीला देतो. मॅट्रिक होईपर्यंत तिला शाळेतून काढू नये आणि तिचं लग्न ठरवू नये. तिला समुद्रापलीकडे देऊ नये, असंही मी घालणार होतो. ती म्हणाली, "नाना, तेवढं माझ्यावर सोडा." सोडलं आहे.

राहिलं चाक, दगड, ऐरण, भांडीकुंडी आणि पोस्टात आहे ते. त्यात चाँदपाशाचा कायद्याने जो भाग निघेल तो त्याला द्यावा. तांब्या-पेल्यासकट द्यावा. आपल्याला कमी मिळालं असं म्हणायला त्याला जागा ठेवू नये.

कलम ९. मला बेगमबीच्या शेजारी पुरावं. चाँदपाशा आला तर त्याने माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये, कबरीत उतरू नये, माती देऊ नये. दारात आला तर त्याला पाणी द्यावं आणि परत पाठवावं.

कलम १०. वरचं कलम शरणबसप्पांनी मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा नसीम हात पुसत बाहेर आली. ती म्हणाली, "खांदा द्यायला दगडोबाकाका हायत, त्यांची लेकरं हायत. पण अब्बा, तुमच्या कबरीत कोण उतरणार?"

मी म्हणालो, आपल्या जमातीतला कोणीही पुरुष उतरेल. ती म्हणाली, "नाव सांगा."

मी आठवू लागलो. पेशइमामांना काठीशिवाय चालवत नाही. मशिदीच्या गल्लीतली बाकीची घरं कधीच हैदराबादला निघून गेली. सलीम नाही. भाऊ नाही. भावाला मी एकट्याने उतरवलं होतं, तेव्हाही दुसरं कोणी नव्हतं, आणि चाँदपाशा वर काठावर उभा होता. शरणबसप्पा लेखणी हातात धरून थांबले होते. नसीम उत्तरासाठी उभी राहिली नाही, आत गेली.

म्हणून कलम ९ मधला चाँदपाशाविषयीचा मजकूर रद्द समजावा. माझं बरंवाईट होताच त्याला तार करावी आणि तो येईपर्यंत मला ठेवावं. त्याने कबरीत उतरावं आणि माझं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला, करावं. त्याला माफी दिली, असा याचा अर्थ कोणी काढू नये. दुसरं कोणी उरलेलं नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

वरील सर्व मजकूर मी सांगितला तसा उतरला आहे. तो वाचून घेतला, समजला आणि साक्षीदारांच्या देखत, उर्दूत का होईना, माझ्या हाताने सही केली.

सही: शेख मुनवर वल्द शेख फकीर

साक्षीदार:
महांतप्पा कल्याणप्पा शेटे, व्यापारी, भूम
रामकिसन ज्ञानोबा डोके, शिक्षक, भूम

लिहिणार: शरणबसप्पा वीरप्पा, अर्जनवीस

मुक्काम भूम, जिल्हा उस्मानाबाद
दिनांक ९ मार्च १९६४