‘जाऊन या’ने झालेला घोटाळा

कुंभकोणम्, मासी महिना, १९३५

तीर्थरूप पांडुरंगराव मामांच्या पायांवर डोके ठेवून भाचा नरसिंह लिहितो, की इथे सगळी खुशाल आहेत (मी सोडून). मद्रासच्या पाण्याने तुमचे पोट पुन्हा बिघडल्याचे मामींच्या पत्रातून कळले. ताकात सुंठ घालून घेत जा. माझे पोट दुसऱ्याच कारणाने जळते आहे, त्याला सुंठ चालत नाही.

त्याचे असे झाले. इथल्या एका सायकल-व्यापाऱ्याने जिल्ह्यातल्या शर्यतींसाठी दुकानातर्फे एक पगारी गडी नेमायचे ठरवले. सायकल चालवायची आणि वर पगार. आईला अजून ते खरे वाटत नाही. ती जागा मला हवी, मामा, अगदी जिवापासून हवी. गडी शर्यत लावून निवडायचा, आणि शर्यत कोणत्या पद्धतीची ते ठरवायला कार्यवाह मी. (कार्यवाहाने स्वतः धावू नये असा नियम नाही. नियम मीच लिहिले.) महामहम तळ्याभोवती वीस फेऱ्या घेऊन पाहिल्या, तर मोजणाराच चुकला. एकेकाला सोडून वेळ लावली, तर घड्याळ बंद पडले. दोन्ही वेळा पुढे होता तो आमच्या शेजारचा चंद्रमौली. त्याला घाम येत नाही. बाकीच्यांना धाप लागते तेव्हा तो शीळ घालतो. मला तो बघवत नाही, हे तुमच्यापासून काय लपवू.

शेवटी ठरवले, कुंभकोणम् ते तिरुविडैमरुदूर, पाच मैल, परत येणे नाही. माझा दम तेवढाच पुरतो.

निशाण द्यायला आमच्याच दारात गल्लीतल्या व्यंकोबा आजोबांना उभे केले, आणि तिथेच मी माती खाल्ली. त्यांनी नुसते ‘जा’ म्हणायचे होते. पण घरातून निघालेल्याला आपल्यात कोणी ‘जा’ म्हणते का? आजोबांनी हात वर करून ‘जाऊन या’ म्हटले, आणि तमिळ गड्यांना वाईट वाटू नये म्हणून तेच ‘पोयिट्टु वांगो’ असे खणखणीत तमिळमध्येही सांगितले. वडीलधाऱ्यांचा शब्द कोण मोडणार? आम्ही सहाही जण तिरुविडैमरुदूरला गेलो, आणि बाकीचे सगळे तिथले पंच महालिंग अय्यर यांना शिवून उलटे फिरले. थांबलो तो मी एकटा. अय्यरांनी हार माझ्याच गळ्यात घातला. जो थांबला तोच पोहोचला, असे त्यांचे म्हणणे, आणि मला ते शास्त्राला धरून वाटते.

हारासकट आगगाडीने घरी आलो, तर आमच्याच दारात चंद्रमौलीच्या गळ्यात दुसरा हार. ओवाळत होती माझी आई. माझ्यासाठी केलेल्या पोळ्याही त्यालाच वाढल्या. मला म्हणाली, दमला असशील, ताक घे.

कळावे, लोभ आहेच तो राहू द्यावा.
नरसिंह

ता. क. — व्यापारी म्हणतो, पद्धत नीट ठरवून शर्यत पुन्हा घ्या. तो तुमच्या शब्दाबाहेर नाही. नुसत्या जाण्याची शर्यत तीच खरी, असे त्याला लिहा.

आणखी ता. क. — तसे लिहू नका. तिरुविडैमरुदूर मैलभर राहिले होते तेव्हाच चंद्रमौली मला परत येताना भेटला. मी थांबलो तो दम संपला म्हणून.

शेवटचा ता. क. — तुमच्या ओळखीच्या मद्रासच्या कंपनीला पगारी गडी हवा आहे ना? चंद्रमौलीचे नाव सुचवा. असा गडी जिल्ह्यात दुसरा नाही, असे लिहा, हात राखून लिहू नका. (हे लिहिताना मला काय होते ते माझे मला ठाऊक, पण खरे आहे.) आणि तिथे आणखी चौघांची सोय होईल का? नावे मागच्या बाजूला दिली आहेत, ज्या क्रमाने ते माझ्यापुढे होते त्या क्रमाने.