सकाळच्या फोनवर ओळ कोणी सांगावी

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मी, अर्नेस्टीन प्रॅटर, वय ऐंशीच्या पुढे, राहणार मेकन, जॉर्जिया. डोकं ठिकाणावर आणि जीभ धारेवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने लिहिते. साथीच्या तापात मी पार मरणाच्या दारात जाऊन आले. देवाने परत पाठवलं ते काहीतरी काम उरलं म्हणूनच.

घर माझी मुलगी लुरीन हिला. ते विकून मला शिकागोला नेण्याचा तिचा बेत मी जिवंत असेतो रद्द समजावा. बिडाचा तवाही तिलाच. साबणाने घासलाच तर काढून घ्यावा.

रविवारच्या टोप्या चर्चमधल्या बायकांनी वाटून घ्याव्यात. जांभळ्या टोपीला मात्र चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन रॉस्कोच्या बायकोचा हात लागता कामा नये. का, ते तिला विचारा.

आता खरी इस्टेट. चर्चला कुलूप लागल्यापासून आम्ही म्हातारी माणसं रोज सकाळी आपापल्या घरून एकाच फोनलाइनवर जमतो. मी स्तोत्राची एकेक ओळ सांगते, बाकीचे ती लांबवून गातात. सुरांचा पार चुथडा होतो, कुणाचं कुत्रं भुंकतं. पण ज्याचा आवाज आला नाही, त्याच्या दारात दुपारच्या आत कुणीतरी सूप घेऊन उभं असतं. हा फोन माझ्यामागे बंद पडता कामा नये. बाकी सगळं गेलं तरी चालेल.

तापात एकदा ओळीच्या मध्येच माझा दम सरला. तेवढ्यात व्हर्डेल टिल्मनने ती ओळ उचलली. पूर्वी चर्चच्या गायकवृंदातली माझी जागा तिने बळकावली, तेव्हापासून आमचा अबोला! माझ्या खोकल्याच्या वर आवाज चढवून ती गातच राहिली. शेवटी म्हणाली, "अर्नेस्टीन, मेलीस तर याद राख, मी रडायला येणार नाही." मी उशीत तोंड खुपसून रडले. इतकं बरं मला औषधानेही वाटलं नव्हतं.

म्हणून माझ्यामागे ओळ व्हर्डेलने सांगावी. डोलखुर्चीही तिलाच देणार होते, पण वकील म्हणाला, जिला वस्तू मिळते तिने साक्ष करू नये. आज ती तोंडाला मुसकं बांधून ओसरीच्या पायरीशी आली, तेव्हा मी हे कलम वाचून दाखवलं आणि विचारलं,

"खुर्ची हवी, की सही करतेस?"

"खुर्चीत तूच बस मेले! आण पेन. आणि काय गं, ओळ सांगायला मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? एक दिवस तू सांग, एक दिवस मी."

सबब वरील कलम माझ्या मृत्यूनंतर लागू न होता उद्या सकाळपासून लागू आहे. उद्याची पाळी तिची.

सही: अर्नेस्टीन प्रॅटर
साक्षीदार: १) व्हर्डेल टिल्मन २) क्लीओफस बँक्स, शेजारी
मेकन, ९ नोव्हेंबर २०२०