मुंगशीचं भाड्याचं ठाण

मुक्काम हैदराबाद
मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८३३

तीर्थस्वरूप भिवराआक्का यांचे चरणी, धाकटा भाऊ शहादेव याचा शि. सा. न. वि. वि.

धारूर सोडल्यापासून चौदाव्या दिवशी मुंगशीला घेऊन सुखरूप पोचलो. घोडीनं वाटेत काही त्रास दिला नाही. उदगीरच्या उतारावर माझ्याच टाचा सोलल्या. इथं सगळे तिचं कूळ विचारतात. तिची आई बाळंतपणात गेली आणि आमच्या आक्कानं शेळीच्या दुधावर हिला वाढवली, असं मी सांगितलं की हसतात. हसू द्या.

आता तबेल्याचं ऐका. शर्यतीचे साठ घोडे एका छपराखाली आहेत. सगळं त्यांच्या नोकरांनी करायचं तर महिना पस्तीस हाली, म्हणजे निजामी, रुपये. नुसतं ठाण घेऊन दाणापाणी, खरारा, लीद आपण करायची तर नऊ. मी खुशीनं नऊवालं घेतलं. आपल्याला कामाचं काय भ्या?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो तर राखणदारानं बादली धरली. पाण्याचे पैसे वेगळे. खाली पसरायचं गवत बाहेरून आणायचं नाही, त्यांच्याच दुकानातून घ्यायचं, तेही दुप्पट भावानं. मैदानावर फिरवायचे वेगळे. लीद मी काढायची, पण विकायची तबेल्याच्या दरोग्यानं! मी विचारलं की मग नऊ रुपयांत मिळतं तरी काय. दरोग्यानं बोट वर करून छप्पर दाखवलं. आक्का, हिशेब सत्तावीसावर गेला, आणि यात माझी भाकरी धरलेली नाही. रात्री तबेल्यात निजायची मनाई, म्हणून मुसाफिरांच्या सराईत कोपरा घेतला आहे. शर्यत पौष पौर्णिमेला. तिच्या प्रवेशाचे तीस रुपये भरून टाकले.

तीर्थरूप आबांना नमस्कार. आपली माया या पोरावर अशीच असू द्यावी.
शहादेव


धारूर
मार्गशीर्ष शुद्ध १२

चिरंजीव शहादेव यास भिवराबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आप्पा मास्तरांनी वाचून दाखवलं, हेही त्यांच्याच हातचं. सत्तावीसचा आकडा ऐकून माझ्या हातातलं सूप खाली पडलं. बाबा रे, मुंगशी तिथं नवाबाची सून होऊन गेली काय? इथं ती गोठ्याच्या कडेला उभी राहायची आणि कुणी दमडी मागितली न्हाई. लीद काढणारा एक आणि विकणारा दुसरा, हे ऐकून आबासुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

बारा रुपये हुंडीनं पाठवते आहे. हात आखडून खर्च कर. पस्तीसवाल्यांच्या नादी लागू नको. दोन हात धड असताना दुसऱ्याला कशापायी पैसे द्यायचे? गावात पोरं वाजंत्री ठरवून बसली आहेत. मी म्हणाले आधी पळू तर द्या.

अंगावर कांबळं घेत जा. तुझी वाट बघणारी,
आक्का


हैदराबाद
मार्गशीर्ष वद्य १०

ती. स्व. आक्का यांस शहादेवचा शि. सा. न. वि. वि.

पडल्या पडल्या लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर मास्तरांनी सांभाळून घ्यावं. हे पत्र आबांसमोर वाचू नये.

मला ताप आला. वद्य चतुर्थीपासून दोन दिवस सराईत शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत धरत तबेल्यात गेलो. मुंगशीची कुंडी कोरडी ठणठणीत. तिनं ओलाव्यासाठी भिंत चाटून चाटून चुना काढला होता, तोंडाला तोच लागलेला. मला बघून ती खिंकाळलीसुद्धा नाही.

आक्का, दोन्ही बाजूंना घोडे होते. वीस मोतद्दार, घोड्यांचे चाकर, दिवसातून चार वेळा बादल्या घेऊन तिच्यापुढून जात होते. मी एकेकाला विचारलं. शेवटी एकानं सांगितलं. ज्यानं आपलं काम आपण करायचं घेतलं त्याच्या जनावराला हात लावायचा नाही, लावला तर नोकरी जाते, असा इथला कायदा. मला कुणी सांगितला नव्हता.

ती जिवंत राहिली ती सटवामुळं. शेजारच्या ठाणावरचा म्हातारा मोतद्दार, मूळचा आपल्या नेकनूरचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बघवेना. आपल्या घोड्याच्या बादलीतलं अर्धं पाणी त्यानं तिच्यापुढं ठेवलं. दरोग्यानं पाहिलं आणि संध्याकाळी त्याला काढून टाकलं. आणि माझ्या हिशेबात चार रुपये वाढवले, परवानगीशिवाय पाणी घेतल्याबद्दल.

आता ती खाते आहे, पण पोट आत गेलं आहे. दरोगा म्हणतो पळेल. जिंकली तर तीनशे आहेत. पौष शुद्ध दशमीच्या आत नाव काढलं तर भरलेले तीस परत मिळतात, त्यात इथलं देणं फिटून सुटता येईल. मला काही सुचत नाही. तुम्ही तिला वाढवली, तुम्हीच सांगा.

माझ्यावर रागवा, पण दूर करू नका.
शहादेव


धारूर
पौष शुद्ध २

चि. शहादेव यास आशीर्वाद. वि. वि.

मास्तर वाचता वाचता मधेच थांबले आणि मला खाली बसायला म्हणाले. मी म्हणाले वाचा. चार रुपयांची ओळ त्यांना पुन्हा वाचायला लावली, मला वाटलं त्यांचीच चूक होते आहे.

साठ जनावरांच्या घरात एक जनावर तहानेनं भिंत चाटतं आणि माणसं बादल्या घेऊन जातात, हे माझ्या डोक्यात शिरतच न्हाई. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई. तुझ्यावर रागावावं तर हात आखडून खर्च कर असं मीच लिहिलं होतं. त्या पत्रापायीच तू कुणाला दोन पैसे देऊन तिच्याकडं बघ म्हणाला नसशील.

नाव काढ. वाजंत्रीवाल्यांना मी सांगते. आबांपासून लपवलं न्हाई. त्यांनी एवढंच विचारलं की तो सटवा आता राहतो कुठं. नेकनूरला माणूस पाठवून बघितलं, त्याचं तिथं कुणी उरलं न्हाई. तेव्हा त्याला सोबत घेऊन ये. न्हाई म्हणाला तर सांग की आक्का लई तापट हाय, तुमाला न घेता गेलो तर मलाच घरात घेणार न्हाई.

लवकर या दोघं, तिघं.
आक्का


बिदरच्या पुढं, मुक्काम वाटेवर
पौष पौर्णिमा

ती. स्व. आक्का यांस शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र नवमीला मिळालं, त्याच दिवशी नाव काढलं आणि निघालो. सटवाबा येत नव्हते. म्हातारपणी कुणाच्या दारात जाऊन बसू, म्हणाले. तुमचा निरोप सांगितला तेव्हा घाबरून तयार झाले.

आज तिकडं शर्यत. सकाळी मोकळं माळरान लागलं. सटवाबा नेहमीसारखे लगाम धरून डाव्या अंगानं चालत होते. मी त्यांना म्हणालो, बसा पाठीवर. त्यांनी दोन्ही कान पकडले. तबेल्यात मोतद्दारानं घोड्यावर बसायचं नसतं म्हणे. आक्का, बावीस वर्षं या माणसानं शर्यतीचे घोडे धुतले, चोळले, आणि एकदाही एकाच्याही पाठीवर बसला नाही! मग मी काही न विचारता त्यांना उचलून वर ठेवलं. गवताच्या पेंडीएवढं वजन.

आधी ती चालली. मग त्यांनी जिभेनं काहीतरी आवाज केला. एवढे दिवस मी तिला पळवतो आहे, पण हे पळणं मी कधी पाहिलं नव्हतं. माळावर मी आणि एक धनगर, दोघंच. तो तोंडावर हात ठेवून उभा.

बऱ्याच वेळानं दोघं पायी परत आली. सटवाबा खाली बसले, मला वाटलं रडतील. पण त्यांनी मुंगशीचा मागचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि मला नको नको ते बोलले. नाल ढिली झाली आहे, दोन दिवस झाले असतील, तुला डोळे हायत का, असा माणूस घोडी पाळतोच कशापायी, म्हणाले.

पुढच्या गावात नालबंद बघून उद्या निघू. आम्हा तिघांवर माया असू द्यावी.
शहादेव